सर्वांत आधी एसएमपीएस विचारा

मुलांची बारावी झाली की लॅपटॉप घ्यावा की कॉम्प्युटर, असे विचारणारे वाचक दर वर्षी भेटतात. या वेळी सल्ला देण्याऐवजी आमच्याच घरात काय घडले ते सांगतो. त्यात आमची फजितीही आहे.

आमची भाची सांगलीत आमच्याकडे राहून सिव्हिल इंजिनिअरिंग शिकते. बाजी आणि दुल्हेभाई साताऱ्यात असतात. बाजी घरी शिवणकाम करतात आणि बारा जणींच्या भिशीत महिन्याला चार हजार भरतात. गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये, ती भिशी त्यांना लागली. अठ्ठेचाळीस हजार रुपये हातात आले. फ्रिज जुना झाला होता, दादींच्या डोळ्याचे ऑपरेशन राहिले होते. तरी बाजी म्हणाल्या, "पोरीला दुसऱ्या वर्षी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लागणार. आधी तिचं होऊ दे, फ्रिज चालतोय अजून."

या पैशांत लॅपटॉप आला असता. पण ऑटोकॅड आणि त्याच्या पुढची अवजड सॉफ्टवेअर दम न लागता चालवणारा लॅपटॉप या रकमेत मिळणे अवघड होते. शिवाय पुढे रॅम कमी पडली की अनेक लॅपटॉपमध्ये ती वाढवताच येत नाही. जोडलेला कॉम्प्युटर आज निम्मा आणि पुढच्या भिशीला निम्मा, असाही घेता येतो. हप्त्याचा विचार बाजींनी पहिल्याच दिवशी मोडीत काढला. बिनव्याजी म्हणून जो हप्ता सांगतात, त्यात व्याज बहुधा भावात नाहीतर सुटलेल्या सवलतीत दडलेले असते, वर प्रोसेसिंग फी निराळी.

दुल्हेभाईंच्या ओळखीचे एक दुकान होते. "आपला माणूस आहे, फसवणार नाही," असे म्हणून त्यांनी कोटेशन आणले : आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, मॉनिटर, सगळे मिळून पंचेचाळीस हजार. आम्ही खूश झालो. खरे सांगायचे तर आम्ही "मुबारक हो" म्हणूनही मोकळे झालो होतो. भाची मात्र कागद हातात धरून गप्प बसली. मग म्हणाली, "मामू, कुठला आय-फाइव्ह?"

आम्हाला वाटायचे आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह. तिने समजावले ते असे. नावापुढचा आकडा वाचायचा. आय-फाइव्ह ४५७० असेल तर पहिला चार, म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा माल. आय-फाइव्ह १२४०० असेल तर बारावी पिढी. नाव एकच, पण दोघांत नऊ वर्षांचे अंतर. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आमचे कोटेशन त्याच्या चार महिने आधीचे. फोन केल्यावर दुकानदाराने ४५७० असल्याचे सांगितले. "चालतंय की अजून," असेही म्हणाला. चालते हे खरेच होते. ग्राफिक कार्ड निघाले जीटी ७१०, जे २०१६ सालीही हलक्या कामापुरतेच होते. एसएमपीएसपुढे कंपनीचे नावच नव्हते, नुसते "४५० वॅट".

खरी अडचण इथेच होती. दुल्हेभाईंनी शब्द टाकला होता. नाही म्हटले तर त्यांची मान खाली जाणार आणि हो म्हटले तर बाजींचे वर्षभराचे शिवणकाम त्या खोक्यात जाणार. शेवटी आमच्या बेगमनेच वाट काढली. त्या दुकानदाराला बोलल्या, "भाई, प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर आणि वॉरंटी लिहून जीएसटीचं पक्कं बिल द्या, आम्ही उद्या येतो." दुसऱ्या दिवशी निरोप आला की माल संपला आहे. दुल्हेभाई आठ दिवस आमच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलले.

मग यादी भाचीने केली आणि खरेदी सांगलीत झाली. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि शेवटच्या "जी"चा अर्थ ग्राफिक आतच आहे, म्हणजे कार्डाचे पैसे आज वाचले. इंटेलमध्ये याच्या उलटी एक खूण असते. नावाच्या शेवटी "एफ" असेल तर आत ग्राफिक नाही. हजार-दीड हजार स्वस्त म्हणून एफ घ्यायचा आणि घरी आणल्यावर पडदा काळाच राहायचा, असे पुष्कळांचे होते. मदरबोर्ड घेताना त्याच्या खोक्यावर रायझन ५००० चालेल असा स्टिकर आहे ना, ते पाहिले. जुन्या बायोसचा बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि बायोस अपडेट करायला दुसरा प्रोसेसर आणायचा कुठून?

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन पट्ट्या बसवल्या की दोन्ही वाटांनी माहिती धावते. ग्राफिक प्रोसेसरच्या आत असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक याच रॅमवर जगते. तेव्हा चार हजारांच्या आत मिळालेल्या या पट्ट्यांचा भाव वर्षाअखेर दुपटीच्या पुढे गेला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवले, त्याचा चटका बाजींसारख्यांच्या भिशीपर्यंत आला. आज घेणाऱ्यांनी आठची एकच पट्टी घेऊन सुरुवात करावी आणि दुसरी खाच मोकळी ठेवावी. पण डीडीआर-४ च्या बोर्डात डीडीआर-५ बसत नाही, खाचच वेगळी असते, हे विसरू नये.

आता एसएमपीएस. आम्ही सगळ्यात जास्त वेळ यावर घालवला. त्याला कारण आहे. २०१६ साली आम्ही धाकट्या भावासाठी असाच एक कॉम्प्युटर जोडून घेतला होता. दुकान कुठले ते राहू द्या. उन्हाळ्यात लाइट जाऊन-येऊन होती, एका संध्याकाळी वीज परत आली ती फट् आवाज करत. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. उघडून हातात घेतला तर रिकाम्या डब्याइतका हलका. वरच्या लेबलवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात होते. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात मात्र १४ अँपिअर. बाराला चौदाने गुणा, १६८ वॅट होतात. कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा भार या बारा व्होल्टवरच असतो, म्हणजे आम्ही एवढेच विकत घेतले होते. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो.

या वेळी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा एसएमपीएस घेतला, बेचाळीसशे रुपयांना. आज एवढी ताकद लागत नाही, पण पुढे ग्राफिक कार्ड येईल तेव्हा लागेल. जोडीला साधा यूपीएस घेतला, लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता.

मिरजेला जाणे झाले तर सतारमेकर गल्लीत जरा थांबा. या घराण्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा कारागीर हातात फिरवून, वाजवून पाहतो, मगच तारांचा विचार. भाचीने एसएमपीएसचे वजन हातावर तोलून पाहिले तेव्हा आम्हाला तेच आठवले. दुकानातला मुलगा हसला, पण दुसरा खोका त्याने स्वतःच काढून दिला.

सगळे धरून बिल सेहेचाळीस हजार दोनशे झाले, पक्के. उरलेले अठराशे बाजींना परत गेले.

जोडणी रविवारी जोहरनंतर जेवणाच्या टेबलावर झाली. बेगमने चादर काढून घेतली, पंखा बंद. भाची मधून मधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत होती, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळा. पाच मिनिटे कुणी बोलले नाही. दादी व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांनी दुआ सुरू केली. मग भाचीने रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत. पहिल्यांदा एका टोकाचा आवाज आलाच नव्हता.

कॅबिनेट आम्ही जमिनीवर ठेवलेले नाही, टेबलावर ठेवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी ४५. नदीजवळच्या आमच्या जुन्या घरात तेव्हाचा कॉम्प्युटर जमिनीवर होता. धान्य वर नेले, कागदपत्रे नेली, कुराणशरीफ नेले, कॉम्प्युटर राहिला. त्यात अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो होते. हार्ड डिस्क चार स्क्रूंवर असते, दोन मिनिटांत निघते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हते. आता एसएसडी कुठे आहे ते बेगमलाही माहीत आहे आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर टेबलाच्या खणात असतो. फोटोंची एक प्रत साताऱ्यात बाजींच्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात दुल्हेभाईंचा भाचीला व्हॉट्सअॅपवर निरोप आला. गॅरेजच्या बिलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणे, सोबत कोटेशनचा फोटो. तिने उत्तर पाठवले : अब्बा, एसएमपीएसची कंपनी लिहिलेली नाही, विचारून घ्या.