मोटारीतली शेगडी

पुण्यासारख्या गावी मोटारीत शेगडी कशाला, असे आपण विचाराल. आमच्या मेस्त्रींनीही हेच विचारले होते. अण्णांची १९६० सालची मॉरिस मायनर, विलायतेच्या थंडीसाठी बसवलेला तिचा हीटर गळू लागला, तेव्हा "सर, याचं काय लोणचं घालायचंय?" म्हणत त्यांनी नळ्यांची दोन टोके एकमेकांना जोडून टाकली. इंजिनाचे ऊन पाणी आले तसे परत जाऊ लागले.

यंदा श्रावणात आंबेनळी घाटात काच आतून धुरकटली आणि शेगडीचे प्रयोजन कळले. शेजारी अण्णा, वय ८४, धोतराच्या सोग्याने काच पुसताहेत आणि समोरून एस.टी.!

मग जुन्या बाजाराच्या बुधवार-रविवारच्या वाऱ्या सुरू झाल्या. पंखा मिळाला, जाळी मिळेना. अखेर एका रेडिएटरवाल्या चाचांनी आमचीच जाळी पाण्यात बुडवून तीत हवा भरली आणि बुडबुडे हेरले. "तांब्या-पितळेची आहे मास्तर, म्हणून डाख बसतो. हल्लीच्या ॲल्युमिनियमवर हा बसायचा नाही." (वीस वर्षे मराठी शिकवतो, पण 'डाख' हा शब्द प्रथमच कामाला आला!)

जाळी गळायची थांबली. इंजिनावरची तोटी मात्र उघडीच अडकून बसली आहे आणि तशी दुसरी अजून सापडलेली नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तळपाय भाजतात. अण्णा ओला पंचा डोक्यावर घेतात, पण कुरकुर करीत नाहीत.