खिडकी बंद कशाने राहते?

रात्रीच्या बसने लांबचा प्रवास केलेल्या कुणालाही हा अनुभव परका नाही. निघताना आपण खिडकीची काच पूर्ण सरकवून बंद करतो. दीड-दोन तासांनी कानाला गार वारा झोंबतो, डोळे उघडून पाहावे तर काच चार बोटे मागे सरकलेली. हात कुणीच लावलेला नसतो. पुन्हा बंद करावी, पुन्हा तेच. अखेर एखादा जाणता प्रवासी वर्तमानपत्राची घडी करून ती खोबणीत ठासतो आणि झोपी जातो. मला आज या कागदाच्या घडीविषयी लिहायचे आहे, कारण ती जिथे असायला हवी होती तिथे नसल्यामुळे विमानेही संकटात सापडलेली आहेत.

काही महिन्यांपूर्वी एका परिचित प्रशिक्षक वैमानिकांबरोबर दोन आसनी छोट्या विमानात बसण्याचा योग आला. माझ्या बाजूला काचेतच बसवलेली एक लहान सरकती खिडकी होती. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ज्यांनी ग्लायडर जवळून पाहिले असतील, त्यांना अशी खिडकी आठवेल: हवा यावी, धुके साचले तर बाहेर पाहता यावे, यासाठी ती असते. धावपट्टी सोडून आम्ही जेमतेम दोनशे मीटर वर गेलो असू, तोच ती खिडकी बोटभर उघडली. आवाज असा झाला की जणू कुणी कानाशी ताडपत्री फाडत आहे. मांडीवरचा नकाशा फडफडू लागला. मी हात पुढे केला, तेव्हा मान न वळवता ते एवढेच म्हणाले, "हात लावू नका. आधी वर जाऊ, मग बघू."

चेन्नईत परतल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतल्यानंतर उरलेल्या थोड्या निरुपद्रवी सवयींपैकी ही एक. विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर हे गणित करावे, अशी इच्छा आहे. त्यात अवघड काही नाही.

वेग कोणता धरायचा? मी जुना धरला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचवले. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 44 मीटर. आजची प्रशिक्षण विमानेही साधारण याच पट्ट्यात उडतात. हवेची घनता 1.2 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे गतिज दाब, सुमारे 1200 पास्कल येतो. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हा जेमतेम सव्वा टक्का. विमानाच्या कुशीवरून हवा वळसा घेऊन वेगाने जाते, त्यामुळे तेथील दाब आतल्यापेक्षा कमी असतो. हा फरक गतिज दाबाच्या निम्मा मानू. तीस गुणिले चाळीस सेंटिमीटरच्या काचेवर मग सुमारे 70 न्यूटनचा ओढा येतो, म्हणजे सात किलो वजनाइतका, आणि तो बाहेरच्या दिशेने. वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो.

हा ओढा काच बाहेर खेचतो, मागे सरकवत नाही. सरकवणारे बल वेगळे, आणि ते क्षुल्लक आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेची तीस सेंटिमीटर लांब कड पूर्ण वाऱ्यात असली, तरी तिच्यावर एक न्यूटन इतकेच बल येईल. तळहातावर ठेवलेल्या लहानशा पेरूचे वजन एवढेच. उलट सत्तर न्यूटनने खोबणीच्या बाहेरच्या कडेवर दाबल्या गेलेल्या काचेचे घर्षण वीस न्यूटनच्या आसपास सहज असते. वीसपट प्रतिकार असताना काच सरकणार कशी? परीक्षेतील उत्तरपत्रिकेवर येथे 'खिडकी बंद राहील' असे लिहून पूर्ण गुण मिळतील.

पण खिडकी उघडली होती.

चूक गणितात नाही, घर्षणाविषयीच्या आपल्या समजुतीत आहे. पाठ्यपुस्तकातील ठोकळा शांत टेबलावर बसलेला असतो. विमान कधीच शांत नसते. चार सिलिंडरचे, चार फेऱ्यांच्या चक्राचे इंजिन मिनिटाला 2400 वेळा फिरत असेल, तर सेकंदाला 80 स्फोट होतात. दोन पात्यांच्या पंख्याचे हवेतील ठोकेही सेकंदाला तितकेच. काचेवरचा ओढा म्हणजे स्थिर पकड नव्हे, ती क्षणाक्षणाला घट्ट-सैल होत असते. आणि धावपट्टीवरून धावताना तर वेग कमी म्हणून ओढा जवळजवळ नाही, चाकांचे हादरे मात्र सर्वांत जास्त. सैल झालेल्या प्रत्येक क्षणी ते क्षुल्लक बल काचेला केसभर पुढे नेते. परत आणणारे कुणीच नसते. मोबाईल कंपन-स्थितीत ठेवून किंचित कललेल्या वहीवर ठेवा आणि कुणाला तरी फोन करायला सांगा. जो फोन एरवी दिवसभर जागचा हलणार नाही, तो उताराच्या दिशेने चालू लागतो. बसच्या काचेचे रहस्य हेच. कंपन असलेल्या जगात घर्षण ही उसनी घेतलेली सुरक्षितता आहे, आणि ती कोणत्याही क्षणी परत मागितली जाते.

म्हणून खिडकीला खिटी लागते. घट्ट नमदा किंवा रबर मदत करते, पण ते झिजते, उन्हाने कडक होते. खिटी मात्र बलांची बेरीज-वजाबाकी करत नाही. ती सरळ वाटेत उभी राहते. चांगला रचनाकार याहून एक पाऊल पुढे जातो: शक्य तिथे खिडकी मागच्या बाजूला सरकवून बंद होईल अशी ठेवतो, म्हणजे वारा लोटेल ती दिशा बंद होण्याचीच असते.

उघडलीच तर काय, याचे उत्तर माझ्या सहवैमानिकांना ठाऊक होते. छोट्या विमानाच्या केबिनमध्ये जादा दाब भरलेला नसतो, त्यामुळे चित्रपटात दिसते तशी माणसे बाहेर फेकली जात नाहीत. सेसना 172ची वरच्या बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी तर कमाल अनुज्ञेय वेगापर्यंत उघडायला पुस्तिकेचीच मुभा आहे. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात, जमीन जवळ आणि वेग कमी असताना, वैमानिक त्या आवाजाकडे वळतो, एका हाताने काच ओढू लागतो, आणि विमानाचे नाक हळूहळू वर जाते. उघड्या दाराने किंवा खिडकीने पडलेल्या छोट्या विमानांच्या हकिकतींत बहुतेकदा खिडकीने काही केलेले नसते. तिने लक्ष चोरलेले असते.

आता मोठ्या विमानांकडे वळते, कारण तिथे हेच प्रश्न बातम्या होऊन आपल्यापुढे येतात आणि आपण भलत्याच गोष्टीवर बोलत बसतो. 10 डिसेंबर 2022 रोजी चेन्नई विमानतळावर तिरुचिरापल्लीला निघालेल्या एका एटीआर विमानाचे आपत्कालीन दार एका प्रवाशाच्या हातून उघडले. विमान जमिनीवर होते. दार पुन्हा बसवून, दाबाची तपासणी करून मगच ते उडाले. प्रवासी राजकारणातील परिचित व्यक्ती होती, त्यामुळे महिनाभराने बातमी फुटली तेव्हा चर्चा झाली ती कुणी उघडले याची. माफी मागितली की नाही, गुन्हा की चूक, थट्टा आणि समर्थन. दार उघडले कसे, आणि हवेत ते तसेच उघडले असते का, हा प्रश्न विचारणारे मला फार थोडे भेटले. देशातील विज्ञानवाचकांनी तरी तो विचारायला हवा होता.

हवेत उंचावर ते उघडले नसते. टर्बोप्रॉप विमान पूर्ण उंचीवर असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा 35 ते 40 हजार पास्कलने अधिक असू शकतो. आपल्या छोट्या खिडकीवरील 600 पास्कलशी त्याची तुलना करून पाहा. अशा दाराचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले, तरी त्यावरचा भार दोन टनांच्या जवळपास जातो. आणि असे दार बहुधा बाटलीत आतून बसवलेल्या बुचासारखे असते, उघडण्यापूर्वी ते आत ओढावे लागते. दोन टन आत ओढणारा माणूस अजून जन्मलेला नाही. येथे दाबच कुलूप होतो. जमिनीवर मात्र हा फरक शून्य. दार मुठीच्या एका ओढीने निघावे अशीच अपेक्षा असते, कारण आग लागली तर नव्वद सेकंदांत सर्वांना बाहेर पडायचे असते. चेन्नईतील दार बिघडलेले नव्हते. ते आपले काम करत होते, फक्त चुकीच्या वेळी.

मधली अवस्था सर्वांत नाजूक. 26 मे 2023 रोजी दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या एशियाना कंपनीच्या एअरबस विमानात एका प्रवाशाने सुमारे दोनशे मीटर उंचीवर दार उघडले. त्या उंचीवर दाबाचे कुलूप जवळजवळ सुटलेले होते. विमान उघड्या दारानिशी सुखरूप उतरले, परंतु 'हवेत दार उघडत नाही' हे विधान उंची सांगितल्याशिवाय अपुरे आहे, हे त्या दिवशी कळले. आपत्कालीन दाराजवळच्या आसनावर बसणाऱ्याला आपल्याकडे सूचना वाचून दाखवतात आणि मान डोलावून घेतात. त्याला कारण सांगायला आणखी एक मिनिट लागेल. ज्याला कारण कळले आहे त्याचा हात मुठीवर सहज पडणार नाही, असे मला वाटते.

1 जुलै 2025 रोजी गोव्याहून पुण्याला येणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानात खिडकीची चौकट निखळली आणि ती चित्रफीत सर्वत्र फिरली. कंपनीने सांगितले की ती आतली शोभेची चौकट होती, दाब पेलणारी काच वेगळी असते, आणि केबिनचा दाब पूर्णवेळ योग्य होता. हे विधान भौतिकीच्या दृष्टीने बरोबर आहे. त्या चौकटीवर दाबाचा भार नसतोच. पण ज्या प्रवाशांनी घाबरून चित्रण केले त्यांना अडाणी ठरवणाऱ्या प्रतिक्रिया मला खटकल्या. चौकट दाबाने निघाली नाही, हे खरे. मग ती निघाली कशाने? एखादी पकड कुठेतरी सैल होती आणि कंपनाने ती शोधून काढली. भार नसलेल्या भागाची पकड कुणी तपासली नाही, तर भार असलेल्या भागाची तपासली असेल का, ही शंका प्रवाशाला येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर द्यायचे असते, हसायचे नसते.

कारण त्या शंकेचे सर्वांत वाईट उत्तर 5 जानेवारी 2024 रोजी मिळाले. अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स 9 विमानात, सुमारे सोळा हजार फुटांवर, दाराच्या जागी बसवलेला संपूर्ण झाकणभाग उडून गेला. बातम्यांत 'स्फोटक दाबऱ्हास' हे शब्द गाजले. मला चौकशीतील एक साधा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. तो भाग दाबाने बाहेर जाऊ नये म्हणून कडेने टेकू होते आणि ते पुरेसे मजबूत होते. भाग वर सरकला तरच तो त्या टेकूंतून सुटू शकत होता. वर सरकू नये म्हणून चार बोल्ट असायला हवे होते. कारखान्यात ते काढले गेले आणि परत बसवलेच गेले नाहीत. त्यानंतर दीडशेच्या आसपास उड्डाणांत तो भाग कणाकणाने वर सरकत गेला. प्रत्येक उड्डाण सुखरूप झाले, प्रत्येक उड्डाणात घर्षणाने आपले उसने दिले, आणि एके दिवशी ते संपले. आमच्या बसची काच दीड तासात जे करते, तेच त्या झाकणाने काही आठवड्यांत केले.

हे सारे आता आपल्यासाठी दूरचे राहिलेले नाही. अमोल यादव यांनी कांदिवलीतील गच्चीवर विमान बांधून दाखवले. इथे चेन्नईत आयआयटी मद्रासच्या परिसरात जन्मलेली ई-प्लेन कंपनी विजेवर उडणारी छोटी हवाई टॅक्सी घडवते आहे. माझ्या ओळखीचे कितीतरी विद्यार्थी मानवरहित विमाने बांधतात. त्यांच्या सादरीकरणात पंखाचा छेद, बॅटरीची ऊर्जाघनता, नियंत्रणाची गणिते असतात, आणि ती उत्तम असतात. झाकणे कशाने बंद राहतात, असे मी विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते, "घट्ट बसतात, मॅडम." घट्ट बसणे म्हणजे घर्षण. मी मग त्यांना मोबाईल आणि कललेली वही दाखवते. एकदा एका मुलीने प्रयोग पाहून शांतपणे आपल्या विमानाचे बॅटरीचे झाकण उचलले, त्याला दोन भोके पाडली आणि आरपार पिन घातली.

त्या दिवशी पुरेशा उंचीवर पोहोचल्यावर प्रशिक्षकांनी विमान सरळ, स्थिर केले आणि मग मला म्हणाले, "आता ओढा." काच सहज बंद झाली, आणि उतरेपर्यंत मी तिच्यावर बोट दाबून बसले. जमिनीवर आल्यावर त्यांनी खिटी तपासली. तिचे टोक झिजून गोल झाले होते. त्यांनी नोंदवही उघडली, तारीख घातली आणि लिहिले: उजवी खिडकी, खिटी बदलणे, तोवर उड्डाण नाही. मग आम्ही चहा प्यायला गेलो.