बिरशाचं जंगल तोलताना
मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तहसिलीत सालवृक्ष आणि बांबू शेजारी वाढतात, आणि लाकडाचं वजन, म्हणजेच त्यातला कार्बन, तोलू पाहणाऱ्या उपग्रहाची पंचाईत नेमकी इथेच होते. साधी उपग्रहचित्रं पानांची हिरवाई टिपतात. छत्र एकदा दाट झालं की खोड दुप्पट जाड असलं तरी चित्र तेच. जुलै 2025 मध्ये अवकाशात झेपावलेल्या निसार उपग्रहाच्या 24 सेंटिमीटरच्या रडारलहरी पानांआड शिरतात खऱ्या, पण घनदाट रानात त्यांचाही संकेत वाढेनासा होतो. पाऊस, माती, उंची यांची जोड दिली की अंदाज सुधारतो. पोकळ बांबू मात्र सालाच्या सूत्राने तोलता येत नाही. त्यासाठी जागेवर जाऊनच मोजावं लागतं. दुर्गम डोंगरांत माणसं किती फिरणार, हा आक्षेप रास्तच. म्हणूनच थोडेच, पण नीट निवडलेले भूखंड घेऊन त्यांवरची झाडं फीत लावून मोजावीत. त्या मोजणीशी न ताडलेला कार्बनचा आकडा मी तरी बाजारात विकू देणार नाही.