'सगळ्यांकडे आहेच की!'

ऑफिसात मिळून चर्चा करायला कुठलं अ‍ॅप घ्यावं, या प्रश्नाचं आपल्याकडे एक बिनतोड मानलं गेलेलं उत्तर आहे: व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढा, सगळ्यांकडे आहेच. फुकट आहे, शिकवावं लागत नाही, निरोप क्षणात पोचतो. तिन्ही गोष्टी कबूल. पण ही निरोपाची तारीफ झाली. चर्चा करून काही ठरवणं हे काम निराळं.

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या वर्कशॉपचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. ड्रॉइंगमधल्या भोकाचा व्यास वाढवायचा का, असा सवाल सकाळी पडतो. खाली 'ओके सर', दोन अंगठे, कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक, मग 'फायनल' नावाची पीडीएफ आणि दुपारी 'फायनल नवीन'. व्यास वाढवायचं ठरलं की नाही? कुणी ठरवलं? तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की सगळे मोबाइलमध्ये मान घालून ग्रुप उपसत बसतात. नंतर रुजू झालेल्या इंजिनिअरला तर त्या चर्चेचा पत्ताच नसतो.

सरकारी नस्तीला आपण पोटभर हसतो. पण तिच्यात टिपणी वेगळी, पत्रव्यवहार वेगळा, पानांना क्रमांक, खाली तारखेसह सही. बदलीवर आलेला कारकून नस्ती वाचून विषय उचलतो. नव्या साधनाकडून माझी पहिली मागणी तीच आहे.

'मग सरळ मोठ्या कंपनीचं घ्या,' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. स्लॅक चांगलं आहे, पण २०२२ पासून त्याच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत. गूगलने २००९ साली गाजावाजा करून आणलेलं वेव्ह पुढच्याच वर्षी सोडून दिलं. हिपचॅट २०१९ मध्ये बंद पडलं. तेव्हा नावाला भुलण्याआधी विचारावं: आमचं दप्तर उद्या आम्हाला बाहेर काढून नेता येईल का?

या कसोट्यांना मला झुलिप उतरलेलं दिसतं. तिथे प्रत्येक संदेश एखाद्या विषयाखाली जातो, त्यामुळे व्यासाची चर्चा व्यासाखाली आणि केक केकाखाली. ते मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, हे मात्र धरून चाला. जोडीला एक सामायिक दस्तऐवज ठेवावा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'ट्रक गेटवर आला' एवढं सांगायला व्हॉट्सअ‍ॅप खुशाल राहू दे.

उरला शेवटचा आक्षेप: 'आमची माणसं शिकणार नाहीत.' २०१८ मध्ये ई-वे बिल आलं, तेव्हा डिस्पॅचच्या माणसाने ते पोर्टल शिकून घेतलंच ना? त्याच्याशिवाय गाडी निघत नव्हती. शिकायला खळखळ करतात ते बहुधा मालक. रात्री अकराला व्हॉइस मेसेज टाकून मोकळं व्हायची सवय त्यांची असते.