खंडेनवमीचा पाट

आज खंडेनवमी. भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत कालच लेथ रॉकेलने पुसून लख्ख झाले असतील आणि आज पाटावर पाने, व्हर्निअर, मायक्रोमीटर ओळीने मांडून त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुले वाहिली जातील. ज्याच्यावर आपले पोट त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, ही आपली रीत. ते जोडताना एक विचार मनात यायला हवा : हे यंत्र जी वस्तू घडवते, ती उद्या कुणाला हवी असेल का?

बजाजची चेतक स्कूटर आठवू या. १९७२ साली ती बाजारात आली आणि नंबर लावून लोकांनी तिची वर्षानुवर्षे वाट पाहिली. दसऱ्याला ती दारात यायची, चाकाखाली लिंबू ठेवले जायचे, आणि आधी आईला बसवून एक फेरी व्हायची. पुढे तरुण मोटरसायकलीकडे वळले. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००९ मध्ये स्कूटर थांबवण्याचे जाहीर केले. राहुल बजाज यांनी त्याचे वाईट वाटल्याचे उघड सांगितले होते. तरीही कंपनी चालवणाऱ्या त्यांच्या मुलाचा निर्णय टिकला. नंतरच्या दशकात गिअर नसलेल्या स्कूटरींनी रस्ते भरून गेले तेव्हा तो निर्णय घाईचा ठरवणारे पुष्कळ निघाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण चेतक हे नाव जपले गेले होते. जानेवारी २०२० मध्ये ते विजेवर चालत परतले, तेही आधी पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत. मागणी आजमावत पुढची शहरे जोडली गेली आणि २०२२ मध्ये आकुर्डीत विजेच्या गाड्यांचा नवा कारखाना सुरू झाला.

आपला कोरडवाहू शेतकरी याहून वेगळे काय करतो? मृगाकडे डोळे लावून तो थोडे बियाणे हातचे राखतो, पाऊस लांबला तर पीक बदलतो, दुबार पेरणीची तयारी मनात ठेवतो. चढाओढीच्या बाजारात नवे उत्पादन काढणाऱ्याला हेच शहाणपण लागते. सगळे भांडवल एका दमात ओतायचे नाही. आधी नमुना, मग चाचणी, मग एखादे शहर, आणि प्रत्येक पायरीवर थांबण्याची, वळण्याची मोकळीक. या मोकळिकीला पैसा लागतो. वर्षाच्या हिशेबात तो वाया गेल्यासारखा दिसतो, म्हणून सर्वांत आधी कात्री तिथेच लागते. ही कात्री पुढे फार महाग पडते, असे आम्हाला वाटते.

शिवाय ‘हे आता थांबवू या’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या कपाळी अपयशाचा शिक्का बसत असेल, तर खरे बोलायला कोण धजेल? आणि वाट बदलली की जुन्या यंत्रावर हात बसलेल्या कामगाराला नवे काम शिकवणे, हे त्या बदलाच्या खर्चातच धरले पाहिजे. व्यवस्थापनाच्या लवचीकपणाची किंमत एकट्या त्याने का मोजावी?

उद्या सोने लुटायचे आहे. त्याआधी, आज पाट मांडताना चालू कामाच्या साच्यांशेजारी थोडी जागा मोकळी ठेवू या, आणि कपाटात धूळ खात पडलेला तो अर्धवट नमुना बाहेर काढून, पुसून, त्यालाही एक फूल वाहू या.