पॉइंट तेच, गर्दी तीच. खोऱ्यातल्या गावांच्या पदरात काय?

सातारा : शनिवार उजाडला की पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. दुपारपर्यंत वेण्णा लेकचा रस्ता तुंबतो. संध्याकाळी सगळे मुंबई पॉइंटला सूर्यास्त बघायला, सकाळी विल्सन पॉइंटला सूर्योदय बघायला. मधल्या वेळेत मका, स्ट्रॉबेरी-क्रीम आणि घोड्याची रपेट. बहुतेक पर्यटकांचं महाबळेश्वर एवढ्यातच संपतं.

खरं तर तालुक्यात बघण्यासारखं याहून कितीतरी आहे. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिर आहे, कृष्णा-कोयनेसह पाच नद्यांचा उगम तिथला मानला जातो. थोडं पुढं काळ्या दगडातलं कृष्णाबाई मंदिर. तिथं बऱ्याचदा माणूसही दिसत नाही. प्रतापगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरातच पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन वाचत बसावं. खाली कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा. बामणोलीतून लाँचने वासोट्याच्या पायथ्याला जाता येतं. किल्ला अभयारण्यात असल्याने वन विभागाची परवानगी लागते.

मग गर्दी चार-पाच पॉइंटवरच का? एक तर सहल दीड दिवसाची. दुसरं म्हणजे, गाडीवाला नेईल तिथं पाहुणा जातो, आणि गाडीवाल्याला अरुंद रस्त्याने तापोळ्याला उतरून परत चढण्यापेक्षा चार पॉइंटची फेरी परवडते. त्यामुळे पैसा वर बाजारपेठेत फिरतो. खोऱ्यातला पोरगा मात्र हॉटेलात वेटर, नाहीतर मुंबईत माथाडी.

पाण्याचंच बघा. वेण्णा लेक बोटिंगसाठी बांधलेला नाही. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ च्या सुमारास तो पाण्याच्या सोयीसाठी बांधला, आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीची तहान त्यावरच भागते. पावसाळ्यात इथं साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो, तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर हंडे फिरतात. पाऊस उतारावरून वाहून धरणात जातो. हॉटेलं वाढतील तसा हा ताण वाढणारच.

२००१ मध्ये केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. बांधकाम, झाडतोड, जमिनीचा वापर बदलणं, सगळ्यावर बंधनं आली. गावकऱ्याची तक्रार जुनीच आहे: आमच्या घराला खोली वाढवायची तर कागद फिरतात, बाहेरच्याचा बंगला मात्र उभा राहतो. या तक्रारीत तथ्य नाही असं कुणी म्हणणार नाही. पण बंधनंच काढून टाका, हा त्यावरचा उपाय नव्हे. डोंगर खचला तर आधी खालची वाडी जाते, बंगला नाही.

आता 'नवीन महाबळेश्वर'चा विषय. सातारा, जावळी, पाटण पट्ट्यातल्या दोनशेहून जास्त गावांचं नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिलंय. हेतू असा की गर्दी विभागली जाईल, गावात रोजगार येईल. हेतूला नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न जमिनीचा आहे. आराखड्याची चर्चा सुरू झाली की एजंट वाडीत येतात. कोयना धरणात एकदा जमीन गेलेल्या कुटुंबांच्या नातवंडांनी उरलेलं रान विकलं, तर उद्या त्यांच्याच गावच्या रिसॉर्टवर ते पहारेकरी असतील.

दुसरी वाटही याच जिल्ह्यात आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या प्रवेश शुल्क घेतात, ऑनलाइन बुकिंग असतं, पार्किंगला आणि पठारावर गावचीच पोरं-पोरी कामाला असतात. सगळं सुरळीत चालतं असं नाही, सुट्टीला तिथंही कोंडी होते. पण पैसा गावात राहतो आणि जमीनही गावाची राहते. भिलारला तर बांधकामाचीही फारशी गरज पडली नाही.

तापोळा-बामणोली पट्ट्यात सातबारा नावावर ठेवून दोन खोल्यांचं घरगुती निवास, चुलीवरचं जेवण, बोट क्लब हे धंदे लोक आधीपासून करताहेत. त्यांना चांगला रस्ता, मोबाइलची रेंज आणि कचरा उचलायची सोय हवी आहे. आराखड्यात आपल्या गावच्या कोणत्या गटावर कसलं आरक्षण पडलंय, हे ग्रामपंचायतीत जाऊन नकाशावर बघा, सह्या त्यानंतर.