काडी मागून घ्यावी

मनी प्लांट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, हे मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर वाद घालायचा कंटाळा येतो. पण गेल्या महिन्यात आमच्या जिन्यात जे झालं, त्यानंतर चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी माझी मनी प्लांटची कुंडी असते. त्याच्या कटिंगना मुळं फुटली की मी ती कागदी कपात लावून कुंडीशेजारी ठेवते, वर चिठ्ठी असते : 'मुळं फुटलेली आहेत, खुशाल न्या.' त्या दिवशी चार कप ठेवले होते. सकाळी बघते तर चारही कप जागच्या जागी आणि कुंडीतली हातभर वेल ओरबाडून नेलेली. दिलेलं नको, चोरलेलं हवं! कारण दिलेल्यात म्हणे बरकत नाही. बरकत हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरतात. चोरीच्या संदर्भात तो पहिल्यांदाच ऐकला.

चोरी वाईट, हे सांगायला ब्लॉग लिहायची गरज नाही. माझा आक्षेप जरा वेगळा आहे. मनी प्लांटला आपल्या घरांत फुलं येत नाहीत. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची. फुलं यायला लागणारं गिबरेलिन नावाचं संप्रेरक तिच्यात पुरेसं तयार होत नाही, असं संशोधकांनी शोधून काढलंय. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीत वाढणारी वेल ही कुणाच्या तरी वेलीचा तुकडा आहे, आणि ती वेल आणखी कुणाच्या वेलीचा. त्या बेटापासून तुमच्या खिडकीपर्यंत ती माणसाच्या हातातून माणसाच्या हातात येत राहिली आहे. अशा झाडाच्या बाबतीत आपल्याला सुचावं काय, तर रात्री गुपचूप तोडून न्या!

मागून नेलं असतं तर आणखी काय मिळालं असतं, तेही सांगते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे मी स्नेक प्लांटचं पान मागायला गेले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाभी, पान नका नेऊ, मुळासकट फुटवा न्या. पानापासून केलंत तर पिवळी कड जाते." मला ते खरं वाटलं नाही. हट्टाने पानही नेलं. दोन महिन्यांनी मुळं आली, पुढे कोंब आला, तो पूर्ण हिरवा. पिवळ्या काठाच्या त्या जातीत पानाच्या कडेच्या पेशी वेगळ्या आणि आतल्या वेगळ्या असतात, आणि पानापासून येणारं नवं रोप आतल्या हिरव्या पेशींमधून येतं. काकूंना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हातून तीन पानं वाया गेली होती. मागायला गेलं की झाडाबरोबर त्याचा हा असा इतिहास मिळतो. चोराला नुसतं पान मिळतं.

आता मुद्दा असा की मनी प्लांट पाण्याच्या बाटलीतही जगतो, पण मागून आणलेली प्रत्येक काडी इतकी सोशिक नसते. माझं माहेर राजापूरचं. तिकडे जुलैमध्ये जास्वंदीची काडी कुंपणाला खोचली तरी लागते, कारण हवेतच नव्वदीच्या आसपास आर्द्रता असते. सगळं कोकण म्हणजेच एक झाकण लावलेला डबा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तीच आर्द्रता अनेकदा २०-२५ टक्क्यांवर येते. काडीला मूळ नाही, पाणी वर चढतं ते कापलेल्या टोकातून थोडंफार, आणि पानं मात्र हवेत पाणी सोडतच राहतात. खर्च चालू, आवक बंद. मूळ फुटायच्या आधीच काडी वाळून जाते. डब्याचं काम एवढंच : भोवतालची हवा दमट ठेवून हा खर्च थांबवायचा. डबा मुळं फोडत नाही, तो काडीला वेळ मिळवून देतो.

त्यासाठी बाजारात छान छान पेट्या मिळतात. घेऊ नका. रमजानचा महिना आणि त्यानंतरची ईद झाली की आमच्याकडे बिर्याणीचे, फिरनीचे, कापलेल्या फळांचे पारदर्शक डबे इतके साठतात की त्यात आख्खी नर्सरी मावेल. डब्यात दोन-तीन इंच कोकोपीट आणि तितकीच जाडसर वाळू किंवा परलाइट. ओलावा किती? मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडेल इतका. धार लागली तर काडी कुजणार. दोन-तीन डोळे असलेली काडी, डोळ्याच्या जरा खाली स्वच्छ ब्लेडने कापलेली. खालची पानं काढायची, वरचं पान मोठं असेल तर निम्मं कापायचं. जीवावर येतं, पण कापायचं. डबा उजेडात ठेवायचा, उन्हात नाही. बंद डबा उन्हात ठेवला की आतल्या काड्या शिजतात, हे मी अनुभवाने सांगते. मूळ फुटायची पावडर जास्वंदीसारख्या लाकडी काडीला उपयोगी पडते. मनी प्लांट, सिंगोनियम, बेगोनिया यांना तिची गरज नाही. आणि निवडुंग किंवा जाड पानांची झाडं या डब्यात घालू नका. त्यांची काडी चार दिवस कोरडी पडू दिलेलीच बरी.

रोज दोन मिनिटं झाकण उघडून हवा द्यायची. आणि दोन-तीन आठवड्यांनी काडी अगदी हलकी ओढून पाहायची. तिने धरून ठेवलं, तर मुळं आली.

इथून पुढे बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. पहिल्या वर्षी नानीच्या घरची जास्वंद मी दीड महिना डब्यात ठेवली. पानं इतकी तुकतुकीत दिसायची की बाहेर काढवेना. एका सकाळी कौतुकाने एकदम बाहेर काढली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या काड्यांनी माना टाकल्या. दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, आणि पानांवरची छिद्रं वेळेवर मिटायला शिकलेली नसतात. त्यांनी कोरडी हवा पाहिलेलीच नसते. म्हणून मुळं आली की झाकण बोटभर सरकवायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी थोडं, असं करत आठ-दहा दिवसांत काढून टाकायचं. थोडी मान पडली तर पडू द्यावी. लगेच झाकण बंद करणाऱ्या आयांना मी ओळखते, मी त्यातलीच एक आहे.

बंद पेटीची ही युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोश बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता. कोशाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि बंद बाटलीत जगलं. १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचेच्या दोन पेट्या रोपांसह जहाजाने सिडनीला पाठवल्या, आणि कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर रोपं जिवंत पोचली. पुढे या पेट्यांनी काय काय वाहून नेलं! १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनमध्ये पाठवलं. त्याने चिनी वेष करून चहाच्या मुलुखात हिंडून रोपं आणि बिया गोळा केल्या आणि वॉर्डच्या पेट्यांतून हिमालयातल्या मळ्यांकडे धाडल्या. म्हणजे चोरीच्या रोपाने पैसा येतो हे कंपनीपुरतं खरंच ठरलं म्हणायचं. आपण मात्र कंपनी नाही, शेजारी आहोत.

हे सगळं मी ठामपणे लिहितेय, पण एक काडी माझ्याकडे अशी आहे की तिचं काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अकरा महिन्यांचा करार संपला म्हणून घर शोधत होतो. दलालाने एक फ्लॅट दाखवला. घरमालकीण सत्तरीच्या, एकट्या. गॅलरीत पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचा बेगोनिया होता, नर्सरीत ज्याचे चारशे रुपये सांगतात तो. मी नुसती बघत राहिले. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. राजापूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, त्यांचं आजोळ तिकडचंच. गंगेच्या, माशांच्या, पावसाच्या गप्पा झाल्या. मी धीर करून काडी मागितली. त्यांनी लगेच तोडून ओल्या कागदात गुंडाळून दिली आणि बजावलं, "फार दिवस झाकून ठेवू नका हं, भुरी येते." मग निघताना दलालाने करारासाठी नावं लिहून घेतली. संध्याकाळी त्याचा फोन आला : "मॅडम, त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे, फॅमिली आपल्यातलीच हवी."

असे फोन आम्हाला नवे नव्हते. त्या शोधात तो तिसरा होता. पण बाकीच्या दोघांच्या घरून मी काही आणलेलं नव्हतं. ही काडी मी त्या रात्री फेकायला उठले होते. शेवटी बिर्याणीच्या डब्यात लावली.

ती मी मागून घेतली होती, चोरली नव्हती. पण त्यांनी ती दिली कुणाला? राजापूरच्या माहेरवाशिणीला दिली. माझं नाव तोपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. आधी कळलं असतं तर दिली असती का? कधी वाटतं, नसती दिली. कधी वाटतं, नकार मुलाचा होता, त्यांना कुणी विचारलंही नसेल. नवरा हसून म्हणतो, "म्हणजे ही चोरीचीच. म्हणून तर एवढी फोफावली."

बेगोनिया आता कमरेएवढा झालाय. मार्चमध्ये मी त्याच्या पाच काड्या डब्यात लावल्या, पाचही लागल्या. काल झाकण चार बोटं उघडलं, पानांनी तग धरला. एक पहिल्या मजल्यावरच्या काकूंना द्यायची आहे, दोन जिन्यात ठेवणार आहे, चिठ्ठीसकट. चौथी मी त्या बाईंना नेऊन द्यावी असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, अपमान करून घ्यायची हौस आहे का? असेलही. पत्ता दलालाच्या जुन्या मेसेजमध्ये सापडला. शुक्रवारपर्यंत झाकण पूर्ण निघेल. रविवारी जाईन, आणि या वेळी बेल वाजवून आधी नाव सांगेन.